सागरगडावर शब्बाथ: सगळं शुक्रवारी चारच्या आत

बेत असा कळला: ठाण्याचा बारा जणांचा गट, डिसेंबरचा पहिला आठवडा, शुक्रवारी खंडाळ्याहून (अलिबागचं खंडाळे, लोणावळ्याजवळचं नव्हे) सागरगडावर, दोन रात्री माचीजवळ तंबू, रविवारी खाली. शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस: शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत; तेवढ्यात विस्तव, ओझं वाहणं, बांधकाम वर्ज्य) पाळायचा आहे. विचारलंय, की शनिवारी गडाच्या टोकापर्यंत जाता येईल का, आणि चुलीचं काय करायचं.

चूल शनिवारी नाहीच. मंद आचेवर गॅस पंचवीस तास सोडून देण्याची युक्ती घरात ठीक. वाळलेल्या गवतात, वाऱ्यावर, नायलॉनच्या तंबूंशेजारी ती मुळीच करू नका. शुक्रवारी दुपारी रस्सा पूर्ण शिजवा, उकळता असतानाच जाड बुडाच्या डब्यात भरा आणि तो डबा शब्बाथचे दिवे लावण्याआधी घोंगडी-रजईत गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. गुंडाळणं शब्बाथच्या आधीच व्हायला हवं. रात्रीचं जेवण गरम मिळेल. शनिवारी दुपारी मात्र थंडच खायचं: चपात्या, लोणचं, सुकी भाजी. बारा तास कोमट राहिलेला रस्सा आंबतो, तेव्हा तो उरेल इतका करूच नका. जेवण शाकाहारी ठेवलं की मांस-दुधाच्या वेगळ्या भांड्यांचं ओझंही वाचतं. माचीवरच्या घरातून (शब्बाथच्या आधी किंवा नंतर) जेवण घ्यायचं असेल तर भांडी आपली न्या, चूल आपल्यापैकी कोणी पेटवावी आणि पातेलंही आपणच चढवावं. वाटाड्याला शनिवारी ‘जरा जाळ कर’ म्हणणं ही पळवाट नाही.

त्या आठवड्यात अलिबागला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवे पावणेसहाच्या आत. हिशेब मात्र चारचा धरा. ठाण्याहून पहाटे पाचला निघालात तर नऊच्या आत खंडाळ्याला, चढाईला दोन-अडीच तास, बाराच्या सुमारास माची. उशीर बहुतेक वेळा चढाईत होत नाही, वर पोचल्यावर सगळे आधी झोपतात म्हणून होतो.

वर पहिलं काम एरूवचं (मुक्कामाभोवती बांबू-दोरीचा घेर, ज्याच्या आत शब्बाथला वस्तू उचलून नेता येतात), कारण त्याशिवाय शनिवारी तंबूतून पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर आणता येणार नाही. सहा तंबूंना १५ बाय १० मीटरचा आयत पुरतो. घेर ५० मीटर, बांबू १२, म्हणजे दोन बांबूंत चार मीटरच्या थोडं वर अंतर. बांबू दोन मीटरचे घ्या. दोरी बांबूच्या माथ्यावरून गेली पाहिजे, म्हणून टोकाला खाच पाडून न्या. चूक हमखास इथेच होते: झाडाच्या बुंध्याला दोरी गुंडाळून लोक मोकळे होतात. बाजूला बांधलेली दोरी चालत नाही. झाड वापरायचंच तर दोरीच्या बरोबर खाली किमान एक मीटरची काठी उभी करा. कातळावर बांबू रोवला जात नाही, तिथे तेलाचे रिकामे डबे दगडांनी भरून त्यात उभे करा. सुतळी दवाने आखडते आणि वाळली की सैल पडते, साधी नायलॉन दोरी ताणली जाते; विणलेली पॉलिएस्टरची घ्या. माचीवरची गुरं रात्री दोरीत घुसतात, तेव्हा पांढऱ्या चिंध्या लटकवा. दोरी शब्बाथला तुटली तर पुन्हा बांधता येत नाही आणि बाहेर काही उचलून नेणं तिथेच थांबतं. आखणीचा फोटो निघण्याआधी आपल्या हाझानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) किंवा रब्बींना (धर्मगुरू) दाखवून घ्या.

पाणी माणशी पाच लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन, शुक्रवारीच भरून आयताच्या आत. हात धुवायचे ते कातळावर, गवतावर नाही, कारण ते रोपांना पाणी घालण्यात मोडतं. शौचाचा खड्डाही आधी खणा, वर भुरभुरायला सुटी माती बादलीत, कागद फाडून ठेवलेला. झाडांना झोळी बांधून शनिवारी पडायचा विचार कोणाच्या मनात असेल तर सोडा, शब्बाथला झाडाचा असा वापर चालत नाही. तंबूचं वरचं छत गुंडाळून ठेवायचं असेल तर वीतभर तरी उघडं ठेवा. तेवढं उघडं असेल तर पाऊस आल्यावर पुढे ओढता येतं.

दिवे काचेच्या कंदिलात, सपाट दगडावर, तंबूंपासून लांब, पण जेवायला बसता तिथेच. दुसरा एक एलईडी कंदील सर्वांत मंद उजेडावर रात्रभर चालू ठेवा आणि झाकायला एक डबा ठेवा.

आता टोकाचं. शब्बाथला चालत जायला मुक्कामाच्या कडेपासून दोन हजार हात, सुमारे ९०० मीटर, हीच हद्द. शुक्रवारी जीपीएसवर मोजून तिथे दगडांची रास करा. टोक हद्दीत येत असलं तरी एरूवबाहेर पाण्याची बाटली हातात नसेल, आणि उन्हात त्या उघड्या पठारावर ते महागात पडतं. म्हणून टोक रविवारी पहाटे करा.

किद्दुशच्या (शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या) शरबताला एका लिटरला अर्धा किलो काळ्या मनुका धरा. शनिवारी काही पिळता येत नाही, म्हणून हवदालापर्यंतचं (हवदाला म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी) सगळं शरबत घरूनच, गोठवून, स्टीलच्या बाटलीत, वर दोन बोटं जागा सोडून. न गोठवलेलं दुसऱ्या दिवशी फसफसतं. मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) हवं असेल तर बारांत दहा पुरुष आहेत का ते आत्ताच मोजा. नसतील तर तेफिला (प्रार्थना) एकेकट्याने होईल, त्याने काही अडत नाही.

एक फोन पूर्ण चार्ज करून, चालू ठेवून, ठरलेल्या जागी. साप चावला तर कोणाला विचारत बसायचं नाही: फोन, गाडी, विजेरी सगळं तिथे मोकळं. चावलेला पाय फळीला बांधून स्थिर करा, चिरू नका, आवळून बांधू नका. माणसाला चालवू नका, उचलून खाली आणा आणि थेट अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात. चार जणांनी उचलायचा जाड कपडा आणि दोन बांबू त्यासाठी वेगळे न्या, एरूवचे मोडू नका.

मलिद्याला (एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, यांच्या नावाने करायचा गोड पोह्यांचा प्रसाद) बारा जणांसाठी किलोभर पोहे, दोन नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, पाच फळं. नारळ अख्खे न्या, खवलेलं खोबरं शनिवारपर्यंत खवट होतं. मलिदा शनिवारी तीन तारे दिसून हवदाला झाल्यावर गडावर करा, किंवा रविवारी उतरल्यावर खंडाळ्याजवळच्या एलियाहू हन्नाबीच्या टापाशी (त्यांची खूण मानला जाणारा कातळ). टापाशी करणार असाल तर पोहे भिजवायला पाच लिटर पाणी खालच्या गाडीत शुक्रवारीच ठेवून जा.