अभ्यासिकेत नवीन आलास? आधी मोबाइलचं बघ

लातूरला आलास, अभ्यासिका लावलीस, चांगलं केलंस. टेस्ट सिरीज, रिव्हिजनचं वेळापत्रक हे पुढं बोलू. पहिल्या महिन्यात एवढंच सांभाळ:

- मोबाइल बंद करून बॅगेत टाक आणि बॅग दाराजवळच्या रॅकवर ठेव. सायलेंट करून पुस्तकाशेजारी उलटा ठेवणं ही जवळपास प्रत्येकाची पहिली चूक.
- लेक्चर चालू असताना ग्रुपवर डाउट सोडवत बसू नको. मेंदू दोन्ही कामं सोबत करत नाही, इकडून तिकडं उड्या मारतो.

हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. २००६ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना शिकताना सोबत 'बीप' किती वेळा वाजले ते मोजायला लावले. उत्तरं त्यांची एकच काम करताना येतात जवळपास तेवढीच बरोबर आली, पण तेच वेगळ्या पद्धतीनं विचारल्यावर ते मागं पडले. 'नीट'च्या तयारीत नेमकं हेच होतं बघ: नोट्समधलं गणित झटक्यात सुटतं, तेच फिरवून आलं की पेन थांबतो. मग पोरं म्हणतात, 'वाचलं होतं, पण आठवलं नाही.'

घरच्यांना फोनची वेळ सांगून टाक, डबा आल्यावरची. सुरुवातीला हात सारखा खिशाकडं जाईल. घाबरू नको, सगळ्यांचा जातो. आधी सलग पंचवीस मिनिटं बस, तेवढं भरपूर आहे.