लोगोच्या आधी हे ठरवा

लोगोची घाई करू नका. आधी संस्थेचं आजवरचं सगळं छापील आणि ऑनलाइन साहित्य एकदा टेबलावर मांडा: लेटरहेड, पावती, बॅनर, सोशल मीडियावरच्या पोस्ट. प्रत्येकावर वेगळा निळा दिसेल, पैज लावतो.

मग दोन मुख्य रंग आणि एक जोडरंग, बास. त्यांचे हेक्स (स्क्रीनसाठीचा रंगक्रमांक) आणि सीएमवायके (छपाईच्या चार शायांचं प्रमाण) आकडे लिहून ठेवा, कारण स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छपाईत हमखास मळकट होतो. मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (गडद-फिक्यातला फरक) हवा, नाहीतर ज्येष्ठांना वाचताच येत नाही.

फॉन्टवर मात्र वेळ घालवा. देवनागरी आणि रोमन एकाच घराण्यातले घेतले तर निम्मं काम होतं. मुक्त परवान्याचा 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट बघा. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, वेलांट्या-उकार एकमेकांत अडकतात.

लोगो एसव्हीजीमध्येच (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल) मागून घ्या (मी एकदा नुसत्या जेपीजीवर भागवलं, फ्लेक्सवर चौकोनच चौकोन!) आणि 16 पिक्सेलमध्ये (ब्राउझरच्या टॅबवर दिसतो तेवढा छोटा) आणि एका रंगात तपासा. हे सगळं एका पानावर लिहून प्रत्येक स्वयंसेवकाला द्या.