नखाशेजारचा काळा ठिपका

प्रश्न : मुलगा जहाजावर खलाशी आहे. आफ्रिकेतल्या मोंबासाहून गुहागरला घरी आलाय. पायाच्या अंगठ्याला नखाशेजारी पांढरा फोड, मधोमध काळा ठिपका. सासूबाई म्हणतात, कुरूपच ते, सेफ्टी पिनने कोरू. कोरू का?

उत्तर : नको ताई, पिन खाली ठेवा. वर्णनावरून ही वाळूतली पिसू वाटते. कुत्र्याच्या अंगावरची नव्हे, मुख्यतः आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतली. मादी कातडीत शिरते आणि अंड्यांनी वाटाण्याएवढी फुगते. काळा ठिपका हे तिचं मागचं टोक. पिळली तर आतच फुटते, जखम चिघळते. डॉक्टर निर्जंतुक सुईने ती अख्खी काढतील. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आवर्जून विचारा. रॉकेल, चुना लावू नका. त्याला मधुमेह असेल तर आजच जा. तिथल्या वाळूत पुन्हा उतरला तर बंद बूटच हवेत, आणि रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या बघायच्या.