सावलीचा तास

प्रिय नव्या सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

सहावी-सातवीच्या वर्गाला डिसेंबरात कोणता उपक्रम द्यावा, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणेन, सावली मोजायला द्या. भूगोलातले अक्षांश आणि ऋतू, गणितातले कोन, प्रमाण, आलेख हे सगळं त्यात येतंच. शिवाय पुस्तकात कुठेही न छापलेला आकडा मुलांच्या हाती लागतो. शिक्षकाने तो आधी सांगून टाकला, तर मात्र उपक्रमातलं सगळं सत्त्व निघून जातं.

आधी साहित्य. रंगाच्या रिकाम्या बादलीत ओली वाळू ठासून मीटरभर उंचीची काठी रोवा. काठीच्या टोकाला लाकडी पट्टी आडवी बांधा आणि तिच्या बाहेरच्या टोकाला १५ सेंमी चौरस पुठ्ठा बसवा. पुठ्ठ्याच्या मधोमध ५ मिमी व्यासाचं भोक पाडा. भोक जमिनीपासून बरोबर १०० सेंमी उंच हवं आणि बादलीच्या कडेच्या बाहेर, उत्तरेच्या बाजूला यायला हवं. भोकापासून ओळंबा सोडून तो जिथे टेकेल तिथे खडूने फुली करा. सगळं माप या फुलीपासून घ्यायचं, काठीच्या बुंध्यापासून नव्हे.

नुसती काठी का नको? सूर्य म्हणजे बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक डिसेंबरात दीड सेंटिमीटर तरी धूसर असतं आणि प्रत्येक गट ते वेगळ्या जागी धरतो. भोकाचा उजेडाचा ठिपका लांबट असला तरी त्याचा मध्य सगळ्यांना सारखाच दिसतो. दुसरा फायदा असा की, काठी थोडी कलली तरी बिघडत नाही, भोकाची उंची आणि खालची फुली तेवढी जागेवर हवी. म्हणून प्रत्येक नोंदीआधी ओळंबा पुन्हा सोडून पाहायचा. मधल्या सुट्टीत बादलीला धक्का लागणारच, हे गृहीत धरा.

जमिनीकडे नीट लक्ष द्या. शाळेसमोरचा कोबा सपाट दिसतो, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. मीटरला दीड सेंटिमीटर उतार असला, तरी सावली जवळपास तेवढीच चुकते. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी आणा आणि पातळी मुलांनाच पाहू द्या.

आता नोंदी. साडेअकरा ते पावणेदोन, दर १० मिनिटांनी. सगळा वर्ग उन्हात उभा करण्याची गरज नाही. एका वेळी एक गट, चौघे पुरेत: एकाने घड्याळ पाहायचं, एकाने ओळंबा, एकाने ठिपक्याच्या मध्यावर खूण करून फुलीपासून तिथपर्यंतचं अंतर (हीच आपली ‘सावली’) टेपने मोजायचं, एकाने लिहायचं. तीन मिनिटांत गट वर्गात परत येतो. शनिवार नको, सकाळच्या शाळेत दुपार सापडत नाही. सूर्याकडे कुणी थेट पाहायचं नाही, हे बाहेर पडण्याआधीच बजावा.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. ‘बाराला सावली सर्वांत लहान’ हे मुलांना पाठ असतं. मोजमाप तसं येत नाही, मग ती हळूच आकडा खोडून ‘दुरुस्त’ करतात. त्या दिवशी खोडरबर दप्तरातच राहू दे. चुकलंय असं वाटलं तर आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा, जुना वाचता आला पाहिजे. आणि तुम्हीही ‘नीट मोजलं का रे?’ असं विचारू नका. त्या स्वरावरून मुलं उत्तर ओळखतात.

सर्वांत लहान सावली थेट शोधायला गेलात तर फसाल. माध्यान्हाच्या आगेमागे १० मिनिटांत सावली जेमतेम २ मिमी बदलते, हाताच्या चुका त्याहून मोठ्या असतात. त्याऐवजी समान लांबीच्या दोन सावल्या शोधा. फुली केंद्र धरून ९८ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ आखा. ठिपका सकाळी वर्तुळाच्या आत येतो आणि दुपारी बाहेर जातो. त्या दोन्ही वेळा अचूक टिपा, या दोनच नोंदी १० मिनिटांच्या ठोक्यावर सोडू नका. पुण्यात २२ डिसेंबरला या वेळा साधारण ११.३३ आणि १.३३ येतील, म्हणजे माध्यान्ह १२.३३. वर्तुळावरचे ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषाही मिळते. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात शंकूने, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीने, दिशा ठरवण्याची हीच रीत दिली आहे.

मग बाराला का नाही? हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत थांबा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि दर अंशाला ४ मिनिटं. पुणे सुमारे ७३.९ अंशांवर आहे, म्हणजे साधारण ३५ मिनिटं मागे. उरलेला एक-दोन मिनिटांचा फरक वर्षभर बदलत राहतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला माध्यान्ह १२.१८ च्या सुमारास येतं, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ च्या. सहावीला एवढं सांगणं पुरे, त्याची कारणं पुढच्या इयत्तांसाठी ठेवा.

आकड्यांवरून कोन काढायला त्रिकोणमिती लागत नाही. १० सेंमीला १ सेंमी असं प्रमाण घेऊन १० सेंमी उभी (भोकाची उंची) आणि ९ सेंमी आडवी (माध्यान्हाची ९० सेंमी सावली) रेघ काढायची, टोकं जोडून आडव्या रेघेच्या टोकाशी कोनमापक लावायचा. सूर्याची उंची ४८ अंश येते.

शक्य असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेलाही त्याच दिवशी मोजायला सांगा. २२ डिसेंबरला माध्यान्हाची सावली सावंतवाडीत सुमारे ८२ सेंमी, पुण्यात ९०, नागपुरात ९८ ते ९९ यायला हवी. हे आकडे तुमच्यासाठी आहेत, फळ्यावर नकोत. तुमच्या मुलांचा आकडा दोन-तीन सेंटिमीटरने वेगळा आला, तर तो तसाच पाठवा आणि फरक कुठून आला असेल ते त्यांनाच शोधू द्या: उतार, ओळंबा की टेपचा शून्य?

२१ मार्चला बादली पुन्हा बाहेर काढा. त्या दिवशी पुण्यात माध्यान्हाची सावली साडेतेहतीस सेंमीच्या आसपास असते. तेच रेखाटन करून या वेळी वरच्या टोकाचा, उभ्या रेघेजवळचा कोन मोजला की साडेअठरा अंश येतो. तो शाळेचा अक्षांश. मुलांना नकाशा त्यानंतरच उघडू द्या.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे माध्यान्हाला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, मात्र शाळेत साधणं कठीण. पुण्यात तो मेच्या मध्याला, सुट्टीत येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, ढगांत. पण जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुपारी ऊन पडलंच, तर वर्ग सोडून बाहेर या. पुठ्ठ्याची पट्टी तेवढी दक्षिणेकडे फिरवा. ठिपका फुलीपासून फक्त आठ-नऊ सेंटिमीटरवर आणि दक्षिणेला असेल. सावली कायम उत्तरेलाच पडते असं वहीत लिहिलेली मुलं तेव्हा काय बोलतात, ते मला कळवा.

तुमचा स्नेहांकित