पूर-वादळात मदत येईपर्यंत लोक स्वतःच कारभार सांभाळू शकतात का?

हो, पहिले काही तास तर बहुधा तेच सांभाळतात. २०१८च्या केरळच्या महापुरात मच्छीमारांनी होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि हजारो माणसं बाहेर काढली. एक जण पाण्यात ओणवा झाला, त्याच्या पाठीवर पाय ठेवून बायका होडीत चढल्या. २०१७च्या मारिया वादळानंतर कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर अनेक ठिकाणी महिनोन्महिने वीज नव्हती. तिथे कासा पुएब्लो संस्थेच्या सौर विजेवर लोकांनी रुग्णांची यंत्रं चालू ठेवली.

पण नुसती माया पुरत नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्या घरात, होडी कुणाकडे, हे आधीच ठाऊक हवं. वाटपाचा हिशेब सगळ्यांना दिसेल असा फळ्यावर लिहा, नाहीतर चौथ्या दिवशी भांडणं लागतात. सरकारची जबाबदारी मात्र यातून सुटत नाही. धरणातून पाणी कधी सोडणार, हे वेळेवर सांगणं त्यांचंच काम.