नागपुरात घरच्या स्टुडिओसाठी अ‍ॅनालॉग ड्रम मशीन घ्यावं का, की लॅपटॉपच पुरे?

भाऊ, लावणी-लोकगीतं करणार असाल तर पैसे वाचवा. अशा मशीनमध्ये आवाज विजेच्या सर्किटमधून तयार होतो, ढोलकी-तबल्याचे रेकॉर्ड केलेले नमुने भरता येत नाहीत. सर्किट जे वाजवेल तेवढंच.

इलेक्ट्रॉनिक किंवा हिप-हॉप करत असाल तर गोष्ट वेगळी. १९८० सालच्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनचा किक (मोठ्या ड्रमचा ठोका) रेकॉर्ड केलेला नाहीच, तो सर्किटच्या कंपनातून जन्मतो. म्हणून डिकेची (आवाज किती वेळात विरेल ते ठरवणारी) नॉब फिरवली की 'ठप्प'चा लांबलचक 'धूंऽऽ' होतो, तोही वाजता वाजता. माउसने ती मजा येत नाही. मात्र हा खर्ज छोट्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, आधी हेडफोन बरा घ्या. (शेजाऱ्यांशी संबंधही टिकतील.)

त्रास म्हणाल तर, बहुतेक मशीनवर नॉबच्या जागा सेव्ह होत नाहीत. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, तरी दुसऱ्या दिवशी हुबेहूब तोच आवाज मिळत नाही. मूळ ८०८ ला मिडीही (लॅपटॉप किंवा इतर वाद्यांशी जोडायची सोय) नाही, आणि जुनं मशीन बिघडलं तर इथे दुरुस्त करणारा शोधता शोधता दमाल. घ्यायचंच तर मिडी आणि प्रत्येक आवाजाचं वेगळं आउटपुट असलेलं नवं घ्या.