विन्स मॅकमोहनचं एवढं कौतुक का होतं?

तुम्ही विचारलं की टीव्हीवरच्या अमेरिकन डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती आधीच ठरलेली असते, मग ती कंपनी कितीतरी वर्षं चालवलेल्या विन्स मॅकमोहनचं एवढं कौतुक काऊन करता. भाऊ, ठरलेली असते हे त्याच्या कंपनीने 1989 मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटसमोर कबूल केलं होतं, कारण खेळ म्हटलं की सरकारी कमिशनचे नियम आणि टॅक्स मागे लागत होता. त्याने काही धंदा बसला नाही. मला तो आवडतो तो याच्यासाठी की मार बसला तर तो लपवत नाही, स्वतःच कॅमेऱ्यासमोर आणून ठेवतो.

1997 चं मॉन्ट्रियलचं पाहा. ब्रेट हार्ट हा कुस्तीगीर चॅम्पियन होता, कंपनी सोडून डब्ल्यूसीडब्ल्यू या समोरच्या कुस्ती कंपनीत चालला होता आणि आपल्या कॅनडाच्या लोकांसमोर शॉन मायकल्सकडून हरायला तयार नव्हता. 9 नोव्हेंबरला शॉनने ब्रेटचाच शार्पशूटर नावाचा डाव त्याला लावला, ब्रेटने हार मानलीच नाही आणि विन्सने रिंगच्या बाजूला उभं राहून घंटा वाजवायला लावली, म्हणजे ब्रेट हरला असं ठरवून टाकलं, सगळ्या पब्लिकसमोर ब्रेट त्याच्या तोंडावर थुंकला, नंतर ड्रेसिंग रूममध्ये असा ठोसा हाणला की डोळा काळानिळा झाला. आता दुसरा कोणी मालक असता तर महिनाभर घरात बसला असता की नाही? हा थोड्याच दिवसांत तोच डोळा घेऊन टीव्हीवर मुलाखतीला बसला आणि म्हणे ब्रेटचं नुकसान ब्रेटनेच केलं. लोक शिव्या देऊन राहिले होते ना, मग त्याच शिव्यांवर त्याने मिस्टर मॅकमोहन नावाचा खडूस मालक उभा केला आणि त्याच्यासमोर स्टोन कोल्ड ऑस्टिन हा कुस्तीगीर सोडला. त्या वेळी डब्ल्यूसीडब्ल्यूचा नायट्रो शो प्रेक्षकांच्या आकड्यात सलग 83 आठवडे त्याच्या रॉ या शोच्या पुढे होता. एप्रिल 1998 मध्ये रॉने त्याला मागे टाकलं, तेही मालक आणि ऑस्टिनच्या भांडणाच्या जोरावर, आणि 2001 मध्ये तर विन्सने डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली.

2002 चंही तसंच. कंपनीचं नाव तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं; तेच नाव असलेल्या प्राणी वाचवणाऱ्या पांडावाल्या संस्थेने कोर्टात केस जिंकली, ते नाव गेलं आणि डब्ल्यूडब्ल्यूई झालं. गडी काय करतो, तर 'गेट द एफ आउट', म्हणजे नावातला एफ काढा, म्हणून जाहिरातच काढतो! 2005 च्या रॉयल रम्बल या मोठ्या शोमध्ये तर रिंगमध्ये घुसता घुसता दोन्ही मांड्यांचे स्नायू फाटले, उभं राहता येईना, तर खाली बसल्या बसल्या रेफ्रींवर ओरडून राहिला, शो थांबवला नाही.

आमच्या दारव्ह्याकडे कबड्डीचे सामने असले की माइक माझ्याकडे असतो. एकदा ज्या टीमसाठी आजूबाजूच्या गावचे लोक आले होते तिचीच गाडी फाट्यावर बंद पडली. मंडळाचे लोक म्हणे सांगू नको, पब्लिक उठून जाईल. मी विन्स आठवून सरळ माइकवर सांगितलं की गाडी बंद पडली, पोरं कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून येऊन राहिले, कोण कोण थांबते सांगा. लोक थांबले ना भाऊ, उलट काही पोरं मोटरसायकली घेऊन त्यांना आणायला गेले आणि ट्रॅक्टर मैदानात शिरला तेव्हा ज्या शिट्ट्या पडल्या त्या फायनललाही पडल्या नाहीत.

पण सगळंच कौतुकाचं नाही, हेही लिहितो. 1999 मध्ये कुस्तीगीर ओवेन हार्ट उंचावरून रिंगमध्ये पडून मेला, तरी त्या रात्री शो चालू ठेवला, ते मला कधीच पटलं नाही. जून 2022 मध्ये कंपनीतल्या माजी कर्मचारी बाईला गुपचूप पैसे दिल्याची चौकशी लागली, त्याने सीईओचं काम बाजूला ठेवलं आणि त्याच रात्री स्मॅकडाउन या कंपनीच्याच शोमध्ये येऊन टाळ्या घेतल्या. पुढे 2024 मध्ये माजी कर्मचारी महिलेने कोर्टात लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, ते तो नाकारतो, पण डब्ल्यूडब्ल्यूईची मालक असलेल्या टीकेओ कंपनीचा राजीनामा द्यावा लागला. स्वतःच्या फुटलेल्या डोळ्याची जाहिरात केली ते मला आवडलं, एका बाईच्या प्रकरणाची चौकशी लागली असताना टाळ्या घेतल्या ते बिलकुल नाही.